हॉलमध्ये की टेबलावर?

संपादकांनी यंदाचा विषय ‘मालकी’ असा कळवला आणि खाली एक ओळ जोडली: जमीन-घर सोडून काही शोधा. देवनहळ्ळीत ही अट पाळणं अवघड. इथे भेटेल तो माणूस आधी जमिनीबद्दल बोलतो. २००८ साली विमानतळ सुरू झाला आणि बंगळूरच्या उत्तरेचं हे तालुक्याचं गाव बघता बघता शहराच्या तोंडाशी आलं. टिपू सुलतानाचं जन्मगाव आणि पपनसांच्या बागांचा मुलूख ही त्याची जुनी ओळख. तालुक्यातल्या चन्नरायपट्टण होबळीतल्या, म्हणजे महसुली गावगटातल्या, शेतकऱ्यांनी १,७७७ एकरांच्या संपादनाविरुद्ध तीन वर्षांहून जास्त काळ धरणं धरलं आणि १५ जुलै २०२५ रोजी सरकारने ते संपादन सोडून दिल्याचं जाहीर केलं. त्या लढ्यावर स्वतंत्र लेख हवा. मला हवं होतं ते त्या शेतांपलीकडच्या इमारतींत सापडलं.

विमानतळ, बोइंगचं आवार, सॅपचं नवं आवार, फॉक्सकॉनचा आयफोनचा कारखाना यांच्यामुळे या पट्ट्यात बाहेरून माणसं आली, त्यांत कोल्हापूर-सांगली-बेळगावकडची मराठी कुटुंबंही आहेत. अशाच एका घरात दिवाळीच्या बोनसवरून चर्चा चालली होती. वडील विमानांच्या देखभालीत, आई शाळेत शिक्षिका. थोरला मुलगा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे आपल्याकडची अकरावी. त्याला स्वतःच्या टेबलावर गेमिंग पीसी हवा. सातवीतल्या धाकटीला हॉलमधल्या टीव्हीला जोडायचा कन्सोल हवा. खेळ विकत घ्यायला मात्र दोघंही तयार नाहीत. दरमहा वर्गणी भरायची आणि यादीतलं हवं ते खेळायचं, हे दोघांनाही मान्य.

‘‘म्हणजे साठ-सत्तर हजारांचं यंत्र आणायचं आणि वर महिन्याचं भाडंही भरायचं?’’ आईने विचारलं. ‘‘मग त्यात आपलं काय असणार आहे, ताई?’’

सगळा लेख या एका प्रश्नामागे गेला.

वर्गणीत काय मिळतं

वाचनालयाची वर्गणी ज्यांनी भरली आहे त्यांना ही व्यवस्था लगेच कळेल. पुस्तकं आपली होत नाहीत, पण कपाट उघडं असतं. फरक एवढाच की या कपाटातली पुस्तकं अधूनमधून वाचनालयच परत घेऊन जातं. मायक्रोसॉफ्टने जून २०१७ मध्ये गेम पास सुरू केला तेव्हापासून हा व्यवहार जोरात आला. सोनीने जून २०२२ मध्ये प्लेस्टेशनसाठीच्या आपल्या जुन्या पीएस प्लस वर्गणीचे तीन स्तर केले. भारतात ते इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डीलक्स या नावांनी मिळतात.

खेळ यादीतून जातात म्हणजे काय, याचं आपल्या घरचं उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी’ हा खेळ २०२० साली आला. धाकट्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णूच्या निवेदनातून पुढे जाणारी गोष्ट. भारतीय चित्रशैलीचा असा वापर करणारे खेळ फार नाहीत, म्हणून मला त्याचं फार अप्रूप आहे. जुलै २०२१ मध्ये तो गेम पासवर आला आणि वर्षभराने यादीतून गेला. त्या वर्षात ज्याने तो सुरू केला नाही, त्याला नंतर विकतच घ्यावा लागला. अर्धा सोडलेल्याचं खेळलेलं जपून राहतं, पण खेळ उघडत नाही.

इथेच आईच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर आहे: यंत्र आपलं, यादी त्यांची. आणि तरीही हा व्यवहार वाईट नाही. नवा मोठा खेळ चार-पाच हजारांना असतो. वर्षातून चार-पाच खेळ खेळून संपवणाऱ्या मुलाला वर्गणी परवडते. वर्षभर एकच फुटबॉल किंवा एकच नेमबाजीचा खेळ घेऊन बसणाऱ्याला ती परवडत नाही, कारण तो कपाट उघडतच नाही. मुलं स्वतःबद्दल सांगतात एक आणि खेळतात दुसरंच, म्हणून मी थोरल्याला मागच्या वर्षी काय काय खेळलास ते लिहून दे म्हटलं. त्याच्या यादीत सात नावं होती, त्यांतली पाच फुकट मिळणारी.

यंत्र निवडताना वर्गणीही आपोआप निवडली जाते, ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. पीएस प्लसच्या यादीतले खेळ भारतात प्लेस्टेशनवरच चालतात. गेम पास एक्सबॉक्सवर चालतो आणि विंडोजच्या संगणकावरही. मायक्रोसॉफ्ट आपल्या स्टुडिओंचे बहुतेक नवे खेळ सर्वांत वरच्या स्तरावर बाजारात आल्याच दिवशी देते. सोनी आपले मोठे खेळ आधी विकते आणि यादीत पुष्कळ उशिरा आणते. म्हणजे भावाला हवा तो खेळ आणि बहिणीला हवा तो खेळ वेगवेगळ्या कपाटांत असू शकतात, आणि दोन्ही कपाटं भाड्याने घेणं या घराच्या आवाक्यातलं नाही.

एस. पी. रोड

पीसी घ्यायचा तर बंगळूरमध्ये पावलं एस. पी. रोडकडे वळतात. पूर्ण नाव सादर पत्रप्पा रोड. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड म्हटलं की जे आठवतं ते सगळं इथे आहे. देवनहळ्ळीहून हेब्बाळ ओलांडून टाउन हॉलच्या बाजूला पोहोचेपर्यंत अर्धी सकाळ जाते. अरुंद गाळे, छतापर्यंत रचलेली मदरबोर्डची खोकी. गिऱ्हाइकाशी कन्नड, हिंदी किंवा तमिळ यांतलं जे जमेल ते.

एका गाळ्यात जोडणी चालली होती ती मी उभी राहून पाहिली. कारागीर मुलाने प्रोसेसर दोन बोटांच्या चिमटीत धरून कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला आणि न दाबता नुसता सोडला; बसला. मग खटका पाडला. वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, तिच्यावर कूलर, चारही स्क्रू तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळत. रॅमची पट्टी बसताना दोनदा टक् असा आवाज झाला. सर्वांत जास्त वेळ गेला तो कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या नखाएवढ्या वायरी लावण्यात. थोरला हे सगळं श्वास रोखून बघत होता. त्याला फक्त खेळायचं नाही, हेही करायचं आहे, हे तिथे मला कळलं. पीसीच्या बाजूने इतका खरा मुद्दा मला दुसरा कुठला भेटला नाही.

दर मात्र हात आखडायला लावणारे. ग्राफिक्स कार्ड हाच मोठा खर्च, हे मुलांना पाठ असतं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमनेही डोकं वर काढलं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स ओढून घेतल्या, मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रूशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि दुकानदार सकाळचा भाव संध्याकाळी द्यायला कचरू लागले. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि यूपीएस धरून नीट चालणारा गेमिंग पीसी सत्तर-ऐंशी हजारांच्या आत बसवणं कठीण. जुनं ग्राफिक्स कार्ड स्वस्तात मिळतं, पण ते आधी कशासाठी आणि किती तास राबवलं गेलं हे त्याच्याकडे बघून कळत नाही. मी ते घेणार नाही.

पीसीच्या पारड्यात आणखी एक वजन पडतं. ऑनलाइन मित्रांबरोबर खेळायला संगणकावर वेगळी वर्गणी लागत नाही. कन्सोलवर लागते, फक्त फुकटातले खेळ तिला अपवाद. शिवाय तोच पीसी दोन वर्षांनी इंजिनिअरिंगचं काम करेल. थोरला हे वाक्य वडिलांपुढे दररोज म्हणत होता, आणि ते खरंही आहे.

डिस्क इद्रे मारबहुदु

जुन्या गावात बसस्टँडच्या आसपास तासावर कन्सोल देणारं एक छोटं दुकान आहे. तीन टीव्ही, तीन सोफे, भिंतीला टांगलेले कंट्रोलर. शाळा सुटल्यावर पोरं क्रिकेट आणि फुटबॉल खेळतात, पैसे वाटून भरतात. मालकाला मी वर्गणीबद्दल विचारलं. त्याने मागच्या फळीवरची निळ्या डब्यांची रांग दाखवली. ‘‘डिस्क इद्रे मारबहुदु, मेडम.’’ डिस्क असेल तर विकता येते. खेळून झाला की विकायचा, आलेल्या पैशांत भर घालून पुढचा आणायचा; जुन्या डिस्कांची ही फिरती उलाढाल शहरात चांगली चालते. म्हणून बिनडिस्कचा स्वस्त प्लेस्टेशन घेऊ नका, असं तो परत परत सांगत होता. मला त्याचं पटलं. बिनडिस्कच्या यंत्रावर माणूस एकाच दुकानाचा बांधील गिऱ्हाईक होतो. डिस्कचं यंत्र वर्गणी बंद केल्यावरही आपलं काम करत राहतं.

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तो ४९,९९० रुपयांना. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. पूर्वी कन्सोल जुना होत जाई तसा स्वस्त होई. या पिढीत ते उलटं झालं. त्याचा थोरला भाऊ प्लेस्टेशन ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आला तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्याचं वायफाय वापरत असलेला ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे तेव्हा मोकळा नव्हता. एक्सबॉक्स सीरीज एस नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आला, आणि गेम पाससाठी तेच सर्वांत स्वस्त दार होतं. पण एक्सबॉक्स आपल्याकडच्या दुकानांत शोधावा लागतो, आणि बिघडल्यावर नीट करणारा तर त्याहून जास्त शोधावा लागतो.

कन्सोलची खरी ताकद वडिलांनी एका वाक्यात सांगितली: ‘‘मला रात्री साडेनऊला घरी आल्यावर ड्रायव्हर अपडेट करायचा नाही.’’ यंत्र लावलं की खेळ चालतो. पाच-सात वर्षं तेच यंत्र नव्या खेळांना पुरतं, कारण खेळ करणारे त्या यंत्राच्या मापानेच खेळ बेततात. पीसीवर मात्र अमुक खेळ आपल्याकडे चालेल का, हा प्रश्न दर वेळी नव्याने सोडवावा लागतो. गेम पासच्या यादीत खेळ आहे म्हणून तो तुमच्या कार्डावर धावेलच असं नाही, आणि त्या महिन्याची वर्गणी तर भरून झालेली असते.

दोनशे युनिटं, शंभर जीबी

कर्नाटकात जुलै २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. मागच्या वापराच्या सरासरीवरून घराची विजेची मोफत युनिटं ठरतात, वर २०० ची मर्यादा. ती ओलांडली की पूर्ण महिन्याचं बिल भरायचं. या घराचा वापर १७० च्या आसपास असतो. वडिलांनी वहीत मांडलेला हिशेब असा: खेळताना ४०० वॅट ओढणारा पीसी दिवसाला तीन तास चालला तर महिन्याला ३६ युनिटं. साधारण २०० वॅटचा प्लेस्टेशन ५ तेवढाच चालला तर १८. सीरीज एस तर ७५ वॅटच्या आसपास, म्हणजे सातच्या आत. पीसीने घर २०० च्या पलीकडे जातं, कन्सोलने अलीकडे राहतं. टीव्हीची दोन-चार युनिटं इकडे-तिकडे. हा हिशेब मला कुठल्याही जाहिरातीत किंवा तुलनेच्या व्हिडिओत दिसला नव्हता. विमानाच्या इंधनाचा हिशेब रोज बघणाऱ्या माणसाला तो सुचला.

उन्हाळ्यात वीज जाते-येते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस प्लेस्टेशन आणि राउटर सांभाळून घेतो. पूर्ण जोरात चाललेला गेमिंग पीसी आणि मॉनिटर त्याच्या कुवतीबाहेरचे. पीसीला मोठा यूपीएस लागतो, आणि तो कोणी सुरुवातीच्या खर्चात धरत नाही.

दुसरी अडचण डाउनलोडची. वर्गणी म्हणजे सतत नवं उतरवणं. आजचे मोठे खेळ सहज १०० जीबी असतात. १०० एमबीपीएसच्या फायबरवर, सगळं सुरळीत असेल तर, तेवढ्याला सव्वादोन तास लागतात. ४० एमबीपीएसवर साडेपाच तास. जुन्या गावात आणि मोठ्या इमारतींत फायबर आहे, पण नव्या लेआउटांत खांब येतात आणि तारा यायच्या राहतात. तिथे लोक छतावर ५जीचा डबा बसवतात. अशा जोडणीची महिन्याची मर्यादा बऱ्याचदा एक टीबीला थांबते. दोन मुलांनी महिन्यात चार मोठे खेळ उतरवले आणि घरात सिनेमे चालले की ती संपत येते. जागेचंही तसंच. सीरीज एसच्या ५१२ जीबीतली वापरायला ३६४ उरतात, पहिल्या प्लेस्टेशन ५ च्या ८२५ मधली ६६७. एक ठेवायचा तर एक काढायचा. पीसीत, आणि प्लेस्टेशन ५ मध्येही, दुसरी एसएसडी बसवता येते, आणि हे काम थोरला झोपेतही करील.

मुलांच्या पुण्याच्या काकाने मधला रस्ता सुचवला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सचं क्लाउड गेमिंग भारतात सुरू झालं. खेळ तिकडच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडे फक्त चित्र येतं. जुना लॅपटॉप आणि एक कंट्रोलर पुरतो. एक महिना करून पाहा, मग यंत्राचं ठरवा, असं त्याचं म्हणणं. सल्ला चांगला होता, आणि मीही कुणालाही हाच देईन. या घरात सकाळी सगळं सुरेख चाललं. रात्री आठनंतर इमारतीतली सगळी घरं ऑनलाइन आली की चित्र फुटायचं आणि उडी मारायचं बटण दाबल्यावर माणूस दरीत पडून गेल्यावर उडी मारायचा. धाकटीने बुद्धिबळासारखे सावकाश खेळ निवडले आणि तिचं भागलं. थोरल्याचं भागलं नाही.

कार्डातून आपोआप जाणारे पैसे

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या तारखेला मायक्रोसॉफ्टने गेम पासचे स्तर बदलले: इसेन्शियल, प्रीमियम, अल्टिमेट. भारतात अल्टिमेट महिन्याला ८२९ रुपयांवरून १,३८९ वर गेला, पीसी गेम पास ४४९ वरून ९३९ वर. इसेन्शियल ४९९ ला आणि प्रीमियम ६९९ ला ठेवला. सोनीने त्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, वर्षाचा एक्स्ट्रा ४,९९९ वरून ६,६९९ वर नेला होता.

यंत्राची किंमत एकदा टोचते, म्हणून आपण तिच्यावर महिनोन्महिने बोलतो. वर्गणी टोचत नाही, म्हणून तिचा गुणाकार कोणी करत नाही. आम्ही तो टेबलावर बसून केला. याच दरांनी अल्टिमेट पाच वर्षं चालू ठेवला तर ८३,३४० रुपये होतात, कन्सोलपेक्षा जास्त. पीसी गेम पास ५६,३४०. पीएस प्लस एक्स्ट्रा वर्षावर्षाने घेतला तर ३३,४९५. आई काही बोलली नाही; तिने वही स्वतःकडे ओढून बेरीज पुन्हा केली.

हा आकडा कमी करण्याचा मार्ग आहे, आणि तो वर्गणीच्या स्वभावातच आहे. मालकी नाही, तसं बंधनही नाही. पीयूसीची परीक्षा मार्चच्या सुमारास. जानेवारी ते मार्च वर्गणी बंद ठेवली तर काही बिघडत नाही. दसऱ्याच्या सुट्टीत एक महिना, एप्रिल-मेमध्ये दोन महिने, एवढं घेऊनही मूल पोटभर खेळतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपोआप होणाऱ्या कपातीची सूचना आदल्या दिवशी यावी लागते. ती सूचना मुलाच्या फोनवर नव्हे, आईच्या किंवा बाबांच्या फोनवर आली पाहिजे, म्हणजे खातं आणि यूपीआयचा मँडेट मोठ्या माणसाच्या नावावर हवा. रद्द केल्यावरही भरलेला महिना संपेपर्यंत खेळ चालू राहतात. म्हणून घेतल्या दिवशीच नूतनीकरण बंद करून टाकावं. मला ही सवय सगळ्यांत उपयोगी वाटते.

वडिलांना आणखी एक धास्ती होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ॲपवर बंदी आली. बंगळूरच्या कितीतरी कंपन्यांचा धंदाच त्यावर होता. त्यांच्या एका सहकाऱ्याने अशा ॲपवर पगार घालवला होता. हे त्यातलंच का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. नाही. त्याच कायद्यात वर्गणी किंवा प्रवेशाचे पैसे घेऊन दिलेले, डाव न लावता खेळायचे खेळ वेगळे धरले आहेत. मात्र खेळाच्या आत वेश, शस्त्रं, नशिबाच्या पेट्या विकल्या जातात त्या वर्गणीत येत नाहीत, आणि लहान मुलं फसतात ती तिथे. कन्सोलवर आणि विंडोजवर दोन्हीकडे मुलांचं वेगळं खातं काढून खर्च शून्यावर बांधता येतो.

कुठे ठेवायचं

या सगळ्यानंतर माझं मत विचारलं गेलं, तेव्हा मी यंत्रापेक्षा घराकडे बघितलं. दोन खोल्यांचं घर. थोरल्याच्या टेबलापाशी दुसरं माणूस बसायला जागा नाही आणि दार लागतं. हॉलमध्ये टीव्ही आहे, सोफा आहे, आणि रात्री साडेनऊनंतर बाबा तिथेच असतात. ‘इट टेक्स टू’सारखा खेळ, जो दोघांनी मिळूनच खेळायचा असतो, या घरात फक्त हॉलमध्येच खेळला जाईल. एकच मूल असतं, त्याला ॲनिमेशन किंवा प्रोग्रामिंग करायचं असतं आणि टेबल सर्वांच्या नजरेत असतं, तर मी बेधडक पीसी सांगितला असता, अगदी वीजबिल वाढलं तरी. इथे दोन मुलं आहेत, आणि मोठा दीड वर्षात कॉलेजला जाताना आपलं यंत्र बरोबर नेणार आहे. मग धाकटीपाशी काय उरेल? मी डिस्कचा कन्सोल म्हटलं.

थोरला नाराज झाला, आणि त्याची नाराजी मला रास्त वाटली. त्याला यंत्र उघडायचं होतं, आणि कन्सोल उघडायचा नसतो. काकाने त्यावर फोनवरून तोड काढली: घरातला जुना डेस्कटॉप, ज्याचं ‘विंडोज १०’ हे ऑक्टोबर २०२५ पासून आधाराविना पडलं आहे, तो पुण्याहून एसएसडी पाठवून थोरल्याच्या ताब्यात द्यायचा, लिनक्स टाकायचं, जुने छोटे खेळ त्याच्यावर चालवायचे, बिघडला तर बिघडला. गेमिंग पीसीचा विषय सीईटीनंतर, रॅमचे भाव बघून.

बोनस झाल्यावर कन्सोल घ्यायचा, सोबत दुसरा कंट्रोलर. वर्गणी पहिले तीन महिने घ्यायचीच नाही. जुन्या गावातल्या दुकानदाराकडून दोन डिस्का आणायच्या. धाकटीने त्यातली एक कोणती ते आधीच सांगून ठेवलं आहे. दुसरी थोरल्याने निवडायची आहे आणि तो अजून ठरवतो आहे.